धुरा आणि दौलत

आर्वी तालुक्यातलं आमचं वावर वर्धा नदीच्या काठाशी. बैल सोडून झाले की आजोबा धुऱ्यावरच्या बाभळीखाली टेकत आणि पलीकडे हात करून सांगत, "तिकडे मोगलाई होती बाप्पा, इकडे भोसल्याचं राज्य." मला दोन्हीकडे सारखीच पऱ्हाटी दिसायची. १८०३ च्या देवगावच्या तहाने नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला, ते पुढे पुस्तकात वाचलं. आजोबांच्या गोष्टीत साल नसायचं, भाऊ असायचे.

गोष्ट नागपूरच्या थोरल्या रघूजी भोसल्यांपासून निघायची. १७५५ मध्ये ते गेले आणि चार मुलांत दौलतीचा वाद उभा राहिला. जानोजी वयाने मोठे, मुधोजी थोरल्या राणीचे. निवाडा पुण्याला पेशव्यांपुढे गेला. जानोजींना सेनासाहेबसुभा हे पद मिळालं, मुधोजींना चांदा. जानोजींना मूल नव्हतं. त्यांनी मुधोजींचाच मुलगा रघूजी दत्तक घेतला. तरी १७७२ मध्ये जानोजींनी डोळे मिटताच त्यांचे भाऊ साबाजी आणि मुधोजी एकमेकांवर उठले. २६ जानेवारी १७७५ ला नागपूरच्या दक्षिणेला पाचगावजवळ लढाई झाली. मुधोजी घेरले गेले, साबाजी हत्तीवरून चालून आले आणि मुधोजींच्या गोळीने पडले. इथे आजोबा थांबत. चिलीम विझलेली असे, तरी हातात तशीच धरून ठेवत. "भावाले मारून गादी भेटली," एवढंच बोलत.

पुढची पिढीही त्याच वाटेने गेली. १८१६ मध्ये ते दत्तक, म्हणजे दुसरे रघूजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने आणि मनाने दुबळे. कारभार हाती घेण्यासाठी चुलतभाऊ आप्पासाहेबांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी बिछान्यात मृत सापडले. त्यांचा खून झाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीवर आप्पासाहेबांची फौज त्याच इंग्रजांकडून हरली. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून आमचा वर्धा जिल्हा वेगळा काढला, तोही इंग्रजांनीच.

"भावाभावाचं भांडण लागलं का तिसराच येऊन वावर वाहते," आजोबा म्हणत. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी बाबांना आणि काकांना एकदम वावरात नेलं, चार गावकऱ्यांसमोर विहिरीच्या पाळ्या ठरवल्या, धुऱ्याचे दगड स्वतः उभे राहून पुरून घेतले. मग तलाठ्याकडे जाऊन कागद केला. आज त्या दगडांच्या दोन्ही बाजूंना आम्ही चुलतभाऊ पेरतो आणि दुपारची भाकर एकाच बाभळीखाली खातो.

ज्यांच्या घरी वावर आहे आणि दोन लेकरं आहेत, त्यांनी हे काम मागे ठेवू नये. हातपाय चालतात तोवर धुरा आपल्या हाताने घालून द्यावा.