खर्ज सांभाळणारा माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, ज्या यंत्रातून माझा आवाज तुमच्यापर्यंत पोहोचतो आहे, त्या यंत्राविषयीच आज आधी एक तक्रार करायची आहे. बिनाका गीतमाला ऐकत आपल्याकडच्या दोन पिढ्या वाढल्या. पण ती गाणी आपण पुरती ऐकलीच नाहीत! ट्रान्झिस्टरचा स्पीकर तळहाताएवढा. सगळ्यात खालचे स्वर त्याला पेलत नाहीत. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. एवढा खालचा स्वर नीट उमटवायला मोठा स्पीकर लागतो. छोट्या स्पीकरमधून त्या स्वराच्या पोटातले वरचे बारीक स्वर तेवढे येतात, आणि खालचा मूळ स्वर आपला मेंदू अंदाजाने भरून काढतो.

मग गणपतीच्या दिवसांत चौकात ऑर्केस्ट्रा यायचा. गाणं तेच, रोज रेडिओवर ऐकलेलं. पण इथे छातीत काहीतरी घुमायचं, पायाखालची फळी थरथरायची. आपण गायकाकडे बघत असायचो, फार तर ढोलक-बोंगोवाल्याकडे. मागे अंधारात, ड्रमच्या शेजारी चार तारांची लांबुडकी गिटार घेऊन उभा असलेला माणूस कुणी पाहिला? छातीत घुमत होता तो त्याचा आवाज होता. आजचं बोलणं त्या माणसाविषयी आहे.

आपल्या गाण्यात खर्जाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. तानपुऱ्याची खर्जाची तार उतरली तर गवई गाणं थांबवतो. पाश्चात्त्य नाचगाण्याच्या बँडमध्ये हे खर्जाचं काम पूर्वी डबल बेस नावाच्या वाद्याकडे होतं. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या घराण्यातलं, उभं राहून वाजवायचं वाद्य. नाटक कंपनीचं सामान बैलगाडीत भरावं तसं ते मोटारीच्या टपावर बांधून न्यावं लागे. अमेरिकेतल्या वादकांनी त्याला ‘कुत्र्याचं घर’ असं टोपणनावच देऊन टाकलं होतं. गावोगाव फिरून रोज रात्री वाजवणाऱ्याला ते घर पाठीवर वाहून नेणं ही शिक्षाच होती.

त्यातच दुसरं संकट आलं. विजेवर चालणारी गिटार आली, ड्रमचा दणका वाढला, आणि लाकडी पेटीतून येणारा खर्ज त्या गदारोळात बुडून गेला. बिचारा वादक बोटं सोलवटून घेत होता आणि ऐकू मात्र कुणालाच जात नव्हतं. बरं, डबल बेसला पडदेही नसतात. सतारीला किंवा गिटारला असतात तशी स्वरांची ठिकाणं आखलेली नाहीत. स्वर कानाने शोधायचा, आणि शोधताना स्वतःचं वाद्य ऐकू यायला हवं. तेच बंद झालं.

यावर उपाय शोधायचे प्रयत्न १९३० च्या दशकापासून सुरू होते. सिअॅटल शहरातल्या पॉल टटमार्क या वादक-कारागिराने त्या दशकात गळ्यात अडकवून आडवा वाजवायचा, पडदे असलेला विजेवरचा बेस बनवलाही होता. पण त्याचे थोडेच नग विकले गेले आणि ती गोष्ट मागे पडली. यश मिळालं ते लिओ फेंडर याला. हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. गिटार बनवून जगप्रसिद्ध झाला, पण स्वतः गिटार वाजवायला कधी शिकला नाही! त्याच्या दुकानात रात्री बँडमध्ये वाजवणारी माणसं ॲम्प्लिफायर दुरुस्तीला यायची आणि आपली रडगाणी सांगायची. ती ऐकून त्याने १९५१ मध्ये नवं वाद्य बाजारात आणलं. चार तारा, डबल बेसच्याच स्वरांत लावलेल्या. पण अंग गिटारचं, भरीव लाकडाचं, आणि मानेवर पडदे. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून नाव ठेवलं ‘प्रिसिजन बेस’. नेमका बेस.

तेव्हा बेस गिटार काही दरबारात किंवा संगीताच्या विद्यापीठात जन्मली नाही. रोज रात्री लोकांच्या फर्माइशी वाजवून पोट भरणाऱ्या माणसांच्या अडचणीतून ती जन्मली. सुरुवातीला जाणकारांनी नाकं मुरडली. पण लायनेल हॅम्प्टनसारख्या नामवंत बँडप्रमुखाच्या ताफ्यात १९५३ च्या सुमारास मंक मॉन्टगोमेरी हा वादक ती घेऊन हिंडू लागला, आणि हळूहळू ‘कुत्र्याचं घर’ घरी राहू लागलं.

वाद्य आलं, पण ते वाजवायला कोण तयार होणार? प्रत्येक पोराला पुढे उभं राहून गिटार वाजवायची असते. बेस म्हणजे मागे राहायचं काम. ते कुणाच्या गळ्यात कसं पडतं, याची सगळ्यात बोलकी हकीकत लिव्हरपूलच्या पाच पोरांची आहे.

बीटल्स हे नाव आपल्याला त्यांच्या स्वतःच्या गाण्यांमुळे ठाऊक आहे. पण ऑगस्ट १९६० मध्ये ते जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरात पोहोचले तेव्हा ते दुसऱ्यांची गाणी वाजवणारा एक साधा बँड होते. आपल्या भाषेत ऑर्केस्ट्रा. इंद्रा नावाच्या क्लबात आठवड्याच्या दिवशी साडेचार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास वाजवायचं. झोपायला एका सिनेमागृहाच्या पडद्यामागची खोली. समोर खलाशी आणि बिअरचे पेले. मालक ओरडायचा, ‘माख शाउ!’ म्हणजे, नुसतं उभं राहू नका, काहीतरी करून दाखवा!

त्यांच्यात बेस वाजवायला होता स्टुअर्ट सटक्लिफ. हा मुळात चित्रकार. लिव्हरपूलच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्याचं चित्र ६५ पौंडांना विकलं गेलं, आणि मित्राच्या आग्रहाखातर त्या पैशाने त्याने बेस गिटार विकत घेतली. बोटं काही फार चालत नव्हती. प्रेक्षकांना ते दिसू नये म्हणून तो पाठ फिरवून वाजवायचा, असं सांगतात; त्यावर बराच वादही आहे. १९६१ मध्ये त्याने बँड सोडला आणि हॅम्बुर्गमध्येच चित्रकलेकडे परतला. एप्रिल १९६२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला.

तो सोडून गेल्यावर प्रश्न आला, आता बेस कोण घेणार? उत्साहाने पुढे कुणीच आलं नाही. बेस म्हणजे मागे उभ्या असलेल्या जाड्या पोराचं काम, अशी तेव्हा समजूत होती, असं पॉल मॅकार्टनी यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. शेवटी ते त्यांच्याच वाट्याला आलं. फेंडरची बेस परवडण्यासारखी नव्हती. हॅम्बुर्गच्या एका वाद्यांच्या दुकानात हॉफनर या जर्मन कारखान्याची, व्हायोलिनच्या आकाराची बेस सुमारे ३० पौंडांना मिळाली. मॅकार्टनी डावखुरे. या वाद्याचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे उलटं धरलं तरी ते विचित्र दिसत नव्हतं. शिवाय पोकळ म्हणून वजनाला हलकं. सात-सात तास गळ्यात अडकवायचं असलं की हलकेपणाची किंमत कळते. इतिहासातलं एक अत्यंत प्रसिद्ध वाद्य निवडण्यामागे कारणं होती ती एवढीच: खिसा, डावा हात आणि खांदा.

आता कुणी म्हणेल, दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात कसली आली कला? नक्कलच ती. पण आपल्या परंपरेत हा प्रश्न पडायला नको. आपला विद्यार्थी दहा-दहा वर्षं गुरूच्या बंदिशीच गात असतो. नक्कल ही शाळा असते. आणि बेसवाल्यासाठी तर ती फार कडक शाळा आहे.

त्याचं काम कसं चालतं, थोडक्यात सांगतो. गाण्यात स्वरसंगती बदलते, तसा त्याने तिचा मूळ स्वर द्यायचा. साधारण सा आणि प धरून चालायचं, आणि एका संगतीतून दुसरीत जाताना मधल्या पायऱ्या घालायच्या. त्याच वेळी त्याचा एक कान ड्रमवाल्याच्या पायाकडे असतो. पायाने वाजणारा मोठा ड्रम आणि बेसचा स्वर एकाच क्षणी पडला, तर समोरच्याचे पाय आपोआप हलतात. केसभर मागेपुढे झालं, तर काय बिघडलं ते कुणाला सांगता येत नाही, पण नाच मंदावतो. म्हणजे हा माणूस स्वर आणि ताल यांच्यामधला पूल आहे. आपल्याकडे तबलजीचा डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्ज एकाच माणसाने सांभाळावा, तसं. गिटारवाला चार क्षण थांबला तर चालतं, गायक शब्द विसरला तर लोक हसून सोडून देतात. बेस थांबला तर मात्र गाण्याचा मजलाच खाली येतो. त्यात गायकाचा गळा बसला की पट्टी ऐन वेळी उतरवायची, फर्माईश आली की न बसवलेलं गाणंही धरायचं. एका रात्रीत चाळीस-पन्नास गाणी, आणि प्रत्येकाचा पाया वेगळा.

हॅम्बुर्गच्या स्टार क्लबातलं डिसेंबर १९६२ मधलं त्यांचं वादन कुणीतरी घरगुती टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. ते १९७७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली बहुतेक गाणी दुसऱ्यांचीच आहेत. मार्च १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीतल्या १४ गाण्यांपैकीही सहा दुसऱ्यांची होती.

त्याच काळात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात या वाद्याचा खरा महापुरुष घडत होता. त्याचं नाव जेम्स जेमर्सन. रात्री जॅझ क्लबात डबल बेस वाजवणारा हा काळा तरुण १९५९ पासून मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत वाजवू लागला आणि पुढे फेंडर बेसकडे वळला. तार तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने छेडायचा. त्या बोटाला मित्र ‘आकडा’ म्हणत. मोटाउनच्या कितीतरी लोकप्रिय गाण्यांच्या तळाशी त्याचं ते एक बोट आहे. जगभरचे बेसवाले, स्वतः मॅकार्टनीसुद्धा, त्याच्याकडून शिकले. पण कुणाकडून शिकतो आहोत हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं, कारण तबकडीवर वादकांची नावं छापत नसत! मोटाउनच्या एखाद्या मोठ्या तबकडीवर त्याचं नाव ठळकपणे आलं ते १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. बारा वर्षांनी, १९८३ मध्ये, जेमर्सन वारला. त्याआधी थोड्याच काळापूर्वी त्याची लाडकी बेस चोरीला गेली होती.

अमेरिकन तबकड्यांवरचा तो दणदणीत खर्ज ऐकून इंग्लंडातल्या मंडळींना आपल्या तबकड्या मिळमिळीत वाटू लागल्या. खर्ज फार वाढवला तर ग्रामोफोनची सुई उडेल, ही तंत्रज्ञांची भीती. शेवटी १९६६ मध्ये ‘पेपरबॅक रायटर’ हे गाणं करताना लंडनच्या स्टुडिओतल्या तंत्रज्ञांनी युक्ती काढली: बेसच्या स्पीकरसमोर मायक्रोफोनऐवजी दुसरा मोठा स्पीकरच ठेवला आणि त्यालाच मायक्रोफोन केलं. मागे उभा असलेला माणूस त्या दिवशी चार पावलं पुढे आला.

आपल्याकडे काय चाललं होतं? ज्या १९५१ मध्ये फेंडरची बेस बाजारात आली, त्याच वर्षी भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, आणि पडद्यावर चिक चॉकलेट यांचा बँड. चिक चॉकलेट म्हणजे गोव्याचे अँतोनिओ झेवियर वाझ. गोव्याच्या चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी शिकलेली ही मंडळी मुंबईच्या हॉटेलांत रात्री परदेशी गाणी वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायची. पुढे बेस गिटार मुंबईच्या स्टुडिओत रुळली. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ हे बेस वाजवायचे. पंचमच्या गाण्यांवर आपण फिदा असतो. पण त्यातल्या बेसवाल्याचं नाव किती जणांना सांगता येईल? आपल्याही तबकड्यांवर गायक, संगीतकार, गीतकार एवढीच नावं. तिथे आणि इथे रीत एकच.

पुढे सिंथेसायझर आला. अनेक ऑर्केस्ट्रांत बेसचं काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे गेलं, आणि लग्न-वरातीत मुद्रित गाणी वाजवणाऱ्या डीजेने तर सगळा बँडच घरी बसवला. खर्ज मात्र हटला नाही. उलट डीजेच्या भिंतीत तो इतका वाढला की खिडक्यांच्या काचा हादरतात. फक्त त्याच्यामागे आता माणूस नाही. दम लागला की थांबणारा, समोर म्हातारी माणसं दिसली की हात हलका करणारा माणूस.

शेवटी एक ताजी हकीकत. हॅम्बुर्गला घेतलेली ती ३० पौंडांची बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली होती. तिचा शोध २०१८ पासून काही चाहत्यांनी नेटाने घेतला. ती दक्षिण इंग्लंडातल्या एका घराच्या माळ्यावर सापडली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती परत मिळाल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, ८२ वर्षांच्या मॅकार्टनी यांनी ती लंडनच्या रंगमंचावर पुन्हा गळ्यात अडकवली.

एका प्रसिद्ध माणसाचं वाद्य ५१ वर्षांनी शोधून काढलं गेलं, याचा आनंदच आहे. पण हजारो अप्रसिद्ध वादकांची नावं तबकड्यांच्या वेष्टनांवर कधी आलीच नाहीत, ती कोण शोधणार? त्यातली काही माणसं आज आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत म्हातारी झाली आहेत. त्यांच्या माळ्यावर एखादी जुनी गिटार असेल, कार्यक्रमाच्या पत्रिका असतील. विचारा त्यांना, लिहून ठेवा. आणि यंदा चौकात ऑर्केस्ट्रा आला, तर एखादं गाणं गायकावरची नजर काढून मागच्या अंधारात बघा. छातीत जे घुमतं आहे, ते कुणाच्या बोटांतून येतं, ते तुम्हाला दिसेल. कार्यक्रम संपला की त्याला नाव विचारायला विसरू नका.