कृपादाने आणि खरी श्रद्धा : केडगावच्या मुक्ती मिशनमधील आध्यात्मिक उज्जीवन (१९०५–१९०७)

प्रस्तावना

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्यावरील मराठी लेखनात शारदासदनाची स्थापना (१८८९), १८९३ चा धर्मांतरविषयक वाद आणि दुष्काळातील स्त्रिया व मुलींसाठी त्यांनी केलेले कार्य यांना योग्य ते स्थान मिळाले आहे. १९०५ साली केडगाव येथे जे घडले, त्याचा उल्लेख मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपला जातो. समाजसुधारक रमाबाई अभ्यासकांना जवळच्या वाटतात. शेकडो मुलींसह अश्रू ढाळीत प्रार्थना करणाऱ्या रमाबाई त्यांना अडचणीच्या वाटतात. याउलट पेन्टेकॉस्टल चळवळीच्या पाश्चात्त्य इतिहासकारांनी १९०५ चे केडगाव अगत्याने नोंदविले, पण त्यांचे लक्ष प्रामुख्याने 'अन्य भाषा' बोलण्याच्या घटनेवर खिळले. या दोन्ही दृष्टींमधून एक महत्त्वाचा प्रश्न निसटतो. आत्मिक दाने हीच खऱ्या ख्रिस्ती श्रद्धेची कसोटी मानावी काय? या प्रश्नाला रमाबाईंनी स्वतंत्र उत्तर दिले होते. प्रस्तुत लेखात त्या उत्तराचा, त्याच्या बायबलमधील आधाराचा आणि रमाबाईंच्या जीवनातील त्याच्या पूर्वपीठिकेचा परामर्श घेतला आहे.

करिंथ येथील वाद

कृपादानांविषयीचे नव्या करारातील सर्वांत सविस्तर विवेचन पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, बाराव्या ते चौदाव्या अध्यायांत आढळते. हे पत्र साधारणपणे इ.स. ५४-५५ च्या सुमारास इफिस येथून लिहिले गेले असे मानतात. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केलेले आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलिअस सीझरच्या योजनेनुसार पुन्हा वसविलेले करिंथ हे व्यापारी, संमिश्र वस्तीचे आणि प्रतिष्ठेची स्पर्धा चाललेले नगर होते. तेथील ख्रिस्ती मंडळीही या स्पर्धेपासून अलिप्त नव्हती. प्रभुभोजनाच्या वेळी सधनांनी आधी जेवून घ्यावे आणि गरिबांनी उपाशी राहावे, अशी स्थिती होती. पौलाने तिचा कडक शब्दांत निषेध केला आहे. कृपादानांचा वाद हा याच मंडळीतला वाद होय. अन्य भाषा बोलण्याचे दान ज्यांना लाभले, ते स्वतःला इतरांहून श्रेष्ठ समजू लागले होते.

पौलाच्या उत्तराची मांडणी लक्षणीय आहे. तो दान नाकारीत नाही. आपणही अन्य भाषा बोलतो, किंबहुना सर्वांहून अधिक बोलतो, असे तो सांगतो. परंतु मंडळीत दहा हजार अनाकलनीय शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द त्याला अधिक मोलाचे वाटतात. 'कृपादान' या शब्दाचे मूळ ग्रीक रूप 'खारिस्मा'. ते 'खारिस' म्हणजे कृपा या शब्दापासून बनले आहे. जे कृपेने मिळाले, त्याचा अभिमान धरता येत नाही, हा त्यातील गर्भितार्थ आहे. शरीराचा दृष्टान्त देताना दुर्बल दिसणारे अवयवच अधिक आवश्यक असतात, असे पौल म्हणतो. दानांविषयीच्या दोन अध्यायांच्या मधोमध त्याने प्रीतीवरील अध्याय ठेवला आहे. विवाहप्रसंगी वाचला जाणारा हा अध्याय मुळात एका भांडणाचा निवाडा आहे, हे अनेकदा विसरले जाते.

चौदाव्या अध्यायात पौल व्यवहाराकडे वळतो. एका वेळी दोघांनी, फार तर तिघांनीच अन्य भाषेत बोलावे. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावे. बाहेरचा मनुष्य आत आला आणि सगळे एकदम अन्य भाषांत बोलत असतील, तर तो यांना वेड लागले आहे असेच म्हणेल. या शेवटच्या इशाऱ्याची आठवण केडगावसंदर्भात पुन्हा येईल. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर येशूच्या नावाने संदेश देणाऱ्या आणि अद्भुत कृत्ये करणाऱ्यांनाही न्यायाच्या दिवशी ओळख नाकारली जाईल, असे येशू सांगतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात आत्म्याच्या 'फळां'ची यादी आहे. तीत प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आहेत, परंतु चमत्कार नाहीत. दान आणि फळ यांतील हा भेद पुढील विवेचनाच्या मुळाशी आहे.

बाप्तिस्मा आणि श्रद्धा यांमधील आठ वर्षे

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरच्या काळात सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. चर्चचे मतांगीकार केवळ अधिकाराच्या आज्ञेने स्वीकारण्यास रमाबाई तयार नव्हत्या. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी त्यांनी आपल्या शंका उघडपणे मांडल्या. एका पुरोहितवर्गाच्या अधिकारातून बाहेर पडल्यावर दुसऱ्याच्या अधिकाराखाली आपला विवेक गहाण टाकण्याची त्यांची इच्छा नव्हती. सिस्टर जेराल्डिन यांना यात गर्व दिसला. आजच्या वाचकाला त्यात एका विदुषीची बौद्धिक प्रामाणिकता अधिक ठळकपणे जाणवते.

पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाईंनी एक कबुली दिली आहे. ख्रिस्ती धर्म आपण स्वीकारला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त आपल्याला गवसला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास आपल्या ध्यानी आले, असे त्या सांगतात. धर्माचा बाह्य स्वीकार आणि अंतःकरणाची श्रद्धा यांमधील अंतर ज्या व्यक्तीने स्वतःच्या आयुष्यात मोजले होते, ती बाह्य लक्षणाला, मग ते बाप्तिस्मा असो की अन्य भाषा, अंतिम प्रमाण मानणे कठीणच होते. १९०५ नंतरची रमाबाईंची भूमिका या आठ वर्षांच्या संदर्भात वाचली पाहिजे.

केडगाव, जून १९०५

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली व विधवा पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आणल्या. शतकाच्या आरंभी मुक्ती मिशनमधील रहिवाशांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात होती. शेती, विणकाम, छपाई, अंध मुलींचे शिक्षण असा तेथे मोठा कारभार चाले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठीच्या विभागाचे नाव 'कृपासदन' होते. कृपादान आणि कृपासदन या दोन्ही शब्दांत एकच 'कृपा' आहे, हा केवळ शब्दयोग मानण्याचे कारण नाही.

१९०४-०५ मध्ये वेल्समध्ये आणि पाठोपाठ खासी टेकड्यांतील मंडळ्यांमध्ये आध्यात्मिक उज्जीवनाची लाट आली. वेल्समधील वार्तांनी प्रेरित होऊन जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी खास प्रार्थनागट सुरू केला. आरंभी त्यात सुमारे ७० जणी होत्या. जूनपर्यंत ही संख्या ५०० च्या वर गेली. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपण अग्नीने वेढलो गेल्याचा अनुभव आला. तिच्यासोबतची स्त्री पाणी आणण्यास धावली; मग आग खरी नाही हे तिच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायावर बोलत असता मुली मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या. पुढे कित्येक दिवस वर्ग बंद राहिले.

या घटनांची वर्णने मुख्यतः मिशनरींच्या आणि श्रद्धावंतांच्या लेखणीतून उतरली आहेत. मुलींचे शब्द बहुतांशी इंग्रजी रूपांतरातूनच उरले आहेत, याचे भान अभ्यासकाने ठेवावे लागते. ग्रामीण महाराष्ट्राला 'अंगात येणे' अपरिचित नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्या अनेकांना ही घटना त्याच जातीची वाटली असल्यास नवल नाही. तथापि एक फरक नोंदवावा लागतो. अंगात आलेल्या व्यक्तीकडे लोक प्रश्न घेऊन जातात, तिला त्या क्षणापुरता अधिकार मिळतो. केडगावच्या वर्णनांत भर आहे तो आत्मपरीक्षणावर : चोरलेली वस्तू परत करणे, खोटे बोलल्याचे मान्य करणे, भांडण मिटविणे. दुष्काळातून आलेल्या, आप्तांना मुकलेल्या मुलींच्या संचित दुःखालाही या अश्रूंतून वाट मिळाली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेचा खरेपणा उणावतो असे मात्र नाही.

अन्य भाषांचा प्रश्न

१९०६ च्या अखेरीस मुक्तीमधील काही मुली अन्य भाषांत बोलू लागल्याचे वृत्त आले. जवळच्या दौंड येथे अनाथ मुलांचे वसतिगृह चालविणारे अल्बर्ट नॉर्टन यांनी, एका मराठी स्त्रीला तिला न येणाऱ्या इंग्रजीत प्रार्थना करताना आपण ऐकले, असे लिहून ठेवले. एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजेलिस येथील अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सभा पुढे पेन्टेकॉस्टल चळवळीचे उगमस्थान म्हणून गाजल्या. केडगावचे उज्जीवन मात्र त्याआधी सुमारे दहा महिने सुरू झाले होते.

अमेरिकेतील या चळवळीत चार्ल्स पारहॅम यांनी १९०१ पासून एक सिद्धान्त प्रचारात आणला होता : पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा म्हणजे अन्य भाषा बोलणे, आणि त्या भाषा प्रत्यक्ष देशोदेशीच्या असल्याने मिशनरींना भाषा शिकण्याची गरज उरणार नाही. अझुसा स्ट्रीटवरून आलेले आल्फ्रेड गार १९०७ च्या सुरुवातीस कलकत्त्यात होते. आपल्याला बंगालीचे दान मिळाले आहे, अशी त्यांची खात्री होती. परंतु त्यांचे बोलणे बंगाली लोकांना कळले नाही. सिद्धान्त आणि वस्तुस्थिती यांची इतकी सरळ गाठ इतिहासात क्वचितच पडते. गार यांनी मिशनकार्याच्या भाषेविषयीचा दावा पुढे सोडून दिला. अन्य भाषा हाच पुरावा, हा आग्रह मात्र कायम ठेवला.

रमाबाईंनी हा आग्रह स्वीकारला नाही. मुक्तीच्या इंग्रजी नियतकालिकात १९०७ मध्ये त्यांनी दुहेरी भूमिका मांडली. अन्य भाषांचे दान हे आत्म्याच्या कार्याचे एक चिन्ह आहे आणि त्याला भ्रम म्हणून झिडकारणे योग्य नव्हे. पण तेच एकमेव आणि आवश्यक चिन्ह आहे, या मताला शास्त्राधार नाही. स्वतः रमाबाईंना हे दान मिळाल्याची नोंद नाही. करिंथकरांस पौलाने दिलेले उत्तर आणि हे उत्तर यांची बैठक एकच आहे.

भूमिकेची दुसरी बाजूही तितकीच ठाम होती. मोठ्याने, एकाच वेळी प्रार्थना करण्याच्या मुलींच्या पद्धतीवर काही मिशनरींनी टीका केली. पौलाचा सुव्यवस्थेचा उपदेश त्यांच्या बाजूने होता, हे मान्य करावे लागेल; बाहेरचा मनुष्य वेडाचा आरोप करील, ही त्याची भीती केडगावात खरीही ठरली होती. परंतु शांत, मोजकी, इंग्रजी वळणाची उपासना हीच खरी उपासना, हे रमाबाईंना मान्य नव्हते. इतर देशांतील ख्रिस्ती लोकांत पवित्र आत्म्याला जे स्वातंत्र्य आहे, ते भारतीय ख्रिस्ती लोकांत का असू नये, असा त्यांचा सवाल होता. वाँटेजच्या पत्रव्यवहारातील विवेकस्वातंत्र्याचा आग्रहच येथे पुन्हा ऐकू येतो. या वेळी तो दुष्काळातून वाचलेल्या निरक्षर मुलींच्या वतीने होता. ज्या अध्यायात अन्य भाषांची शिस्त सांगितली आहे, त्याच अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असेही वाक्य आहे. ते मूळ पौलाचे आहे की नाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मुक्तीत मात्र उपदेश, प्रार्थना, प्रचार आणि व्यवस्था ही सर्व कामे बहुतांशी स्त्रियाच करीत होत्या.

फळे

उज्जीवनानंतर प्रार्थनापथके आसपासच्या गावांत जाऊ लागली. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये पवित्र आत्मा व अग्नी यांच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी निघालेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत अन्य भाषांविषयीच्या मजकुराची भर पडली. तिची एक प्रत चिलीतील वालपरायसो येथे एब्रम्स यांच्या मैत्रीण मे हूवर यांच्या हाती पडली, आणि मे व विलिस हूवर यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये तेथे जी चळवळ उभी राहिली, तिच्यातून चिलीच्या पेन्टेकॉस्टल मंडळ्या निघाल्या. केडगावच्या प्रार्थनागृहातील एका पहाटेची वार्ता अशा रीतीने दक्षिण अमेरिकेपर्यंत पोहोचली, ही गोष्ट मराठी वाचकांना अजूनही फारशी ठाऊक नाही. एब्रम्स यांचे १९१२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात निधन झाले.

रमाबाई या जागतिक चळवळीच्या नेत्या झाल्या नाहीत. तशी त्यांची इच्छाही दिसत नाही. त्यांच्या आयुष्याचा अखेरचा मोठा भाग एका वेगळ्याच भाषिक कार्यात गेला. प्रचलित मराठी बायबलची भाषा सामान्य स्त्रियांना जड जाते आणि तिच्यातील काही शब्द हिंदू धर्मकल्पनांशी निगडित आहेत, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. टंकजुळणी व छपाईचे काम मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा यांचा मृत्यू झाला. त्यानंतरही मुद्रिते तपासण्याचे काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्यापूर्वी काही काळच भाषांतर पूर्ण झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावहून प्रसिद्ध झाला.