पंच्याहत्तरची बाटली

आजचा एपिसोड माझ्या एका फसलेल्या गिफ्टवर.

माझा धाकटा काका १९७५ चा, राहतो इंग्लंडमध्ये. माझ्या बीटेकची चारही वर्षांची फी त्यानेच भरली. त्याच्या पन्नाशीला मी गेलो, तेव्हा त्याच्या जन्मसालाची व्हिंटेज पोर्ट शोधून नेली. मूल जन्मलं की त्या सालाची पोर्ट घेऊन ठेवायची, ही तिथली जुनी रीत. मला वाटलं, जितकी जुनी तितकी भारी!

गाळ बसावा म्हणून बाटली दिवसभर उभी ठेवली. बूच मधेच तुटलं. शेवटी काकूने चहाची गाळणी आणली. ग्लासात आलं ते फिकट, विटकरी. थोडं गोड, थोडं जळजळीत, आणि संपलं. काका म्हणाला, "छान आहे रे." त्याचा चेहरा वेगळंच सांगत होता.

रात्री झोप येईना. म्हटलं, बग शोधूया.

पोर्ट पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. आपण गोव्याहून आणतो ती स्वस्त गोड 'पोर्ट वाइन' वेगळी. १७०३ च्या मेथ्युएन तहाने इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी झाली आणि इंग्रजांना तिची सवय लागली. १७५६ मध्ये पोंबाल या मंत्र्याने खोऱ्याची हद्दच आखून दिली. द्राक्षाचा रस अर्धवट आंबला की त्यात ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाची दारू घालतात. यीस्ट मरतं, साखर उरते, माल टिकतो.

पण व्हिंटेज दरवर्षी होत नाही, दहा वर्षांत साधारण तीनदाच. सुगीनंतर दुसऱ्या वर्षी कंपन्या चव घेऊन ठरवतात, मग बाटल्या भरतात. म्हणजे १९७५ ची पोर्ट बाटलीत गेली १९७७ मध्ये.

आता तो काळ बघा. २५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालमधली हुकूमशाही पडली. मार्च १९७५ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तो उन्हाळा इतका तापला की त्याला नावच पडलं 'तप्त उन्हाळा'. अशा वर्षाची द्राक्षं. तरी बहुतेक कंपन्यांनी ते साल व्हिंटेज म्हणून जाहीर केलं. माल हलका निघाला, लवकर उतरला. गंमत म्हणजे १९७७ ची सुगी मात्र त्या शतकातल्या नावाजलेल्या सालांपैकी एक ठरली.

म्हणजे बाटली खराब नव्हती. माझं गृहीतक चुकलं होतं. वय वाढून चांगली होते ती आधीच दमदार असलेली पोर्ट.

सकाळी काकाला हे सगळं सांगितलं. तो हसला. "म्हणजे आमची बॅचच वीक होती म्हण की!"

मग थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "मी जन्मलो तेव्हा तुझे आजोबा येरवड्यात होते. मिसाखाली. मला पहिल्यांदा घरात कडेवर घेतलं ते सत्याहत्तरला."

आजोबा आणीबाणीत आत होते, एवढंच मला माहीत होतं. हे नव्हतं.

बाटलीत दोन बोटं पोर्ट उरली होती. काकाने ती पुन्हा गाळली आणि दोन ग्लासांत ओतली. चव तशीच होती. आम्ही ती दुपारपर्यंत पुरवली.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, घरातल्या कोणाला तरी त्यांच्या जन्मसालाबद्दल विचारा.