तंतुकणिकांवरचा आरोप

मायटोकॉन्ड्रियाला मराठी पाठ्यपुस्तकात ‘तंतुकणिका’ म्हणतात. कवी म्हणून मला हा शब्द फार आवडतो. कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये ‘सूत’ आणि ‘कण’ या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून पेशीतल्या या दाण्यांचे बारसे केले. आपल्या परिभाषाकारांनी तेच नाव मराठीत आणले. पेशीची बहुतेक ऊर्जा याच दाण्यांत तयार होते, हे कळायला मात्र आणखी पन्नास वर्षे गेली.

मधुमेहाने मूत्रपिंड कसे बिघडते, याचा शोध वेगळ्याच वाटेने चालला होता. १९३६ मध्ये पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी मधुमेहींच्या मूत्रपिंडातील गाळणीत झालेल्या गाठींचे वर्णन केले. मग कितीतरी वर्षे सगळ्यांचे डोळे त्या गाळणीवरच खिळले. पण गाळणीच्या पुढे बारीक नलिका असतात. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातले जवळजवळ सगळे पाणी, मीठ, साखर या नलिका परत रक्तात ओढून घेतात. हा उपसा अहोरात्र चालतो, म्हणून त्यांच्या पेशी तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात.

२००० साली न्यूयॉर्कच्या मायकेल ब्राउनली यांच्या गटाने या दोन वाटा जोडल्या. रक्तातली साखर वाढली की तंतुकणिकांतून सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा उपद्रवी अवतार जास्त निघतो आणि तिथून नासाडी सुरू होते, असे त्यांचे म्हणणे. प्रयोग रक्तवाहिनीच्या पेशींवरचे होते. पण मांडणी इतकी सुबक, की तिचा मोह पडावा. चुलीतून धूर फार निघतोय ना? मग धूर आवरा!

ते इतके सोपे नव्हते. अशा उपद्रवाविरुद्ध पेशीची संरक्षक यंत्रणा जागी करणारे बार्डोक्सोलोन हे औषध दोन हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले जात होते. हृदय निकामी होण्याचे प्रमाण वाढल्याने २०१२ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. २०१३ मध्ये अमेरिकेतील कुमार शर्मा यांच्या गटाला मधुमेही उंदरांच्या मूत्रपिंडात सुपरऑक्साइड उलट कमीच आढळले. मूत्रपिंड बिघडलेल्या मधुमेहींच्या लघवीत १३ द्रव्ये घटलेली दिसली. त्यांपैकी बहुतेकांचा संबंध तंतुकणिकांच्या कामाशी. म्हणजे धुराचा प्रश्न नव्हताच, चूलच मंदावली होती! हा वाद अजून मिटलेला नाही.

दरम्यान उपयोगी पडली ती एक जुनी साल. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन वेगळे काढले गेले. ते नलिकांना साखर परत ओढू देत नाही. त्याच धर्तीवरच्या कॅनाग्लिफ्लोझिनने मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतो, हे २०१९ मधील मोठ्या चाचणीत दिसले. नलिकांचा उपसा हलका होतो, त्यामुळे तंतुकणिकांना उसंत मिळते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.