गाण्याला मत की गावाला?

मार्च 2005. ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात मुंबईचा अभिजीत सावंत आणि भिलाईचा अमित साना अंतिम फेरीत पोहोचले होते. धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या घरातून मी ‘आपल्या मराठी पोरासाठी’ एसएमएसमागून एसएमएस पाठवत होतो. शेजारचे भजन गाणारे आप्पा म्हणाले, “चांगलं कोन गास, ते तर सांग!” मला सांगता येईना. अमितचे गाणे मी धड ऐकलेच नव्हते.

हा पेच युरोपला फार आधी पडला होता. 1956 मध्ये लुगानो येथे सात देशांची ‘युरोव्हिजन’ गीतस्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी परीक्षकांना स्वतःच्या देशालाही मत देता येत असे. 1957 पासून त्याला बंदी आली. मग शेजारधर्म पुढे आला. ग्रीस आणि सायप्रस वर्षानुवर्षे एकमेकांना सर्वाधिक, म्हणजे 12 गुण देत राहिले. 1998 पासून बहुतेक देशांत प्रेक्षकांची फोनवरची मते निर्णायक झाली आणि ही जवळीक अधिकच डोळ्यांवर येऊ लागली. अखेर 2009 च्या अंतिम फेरीत परीक्षकांना निम्मा वाटा परत द्यावा लागला.

आपल्याकडे आपल्याच प्रांताला मत देण्यावर बंधन नव्हते. 2007 मध्ये कोलकाता पोलिसांतला शिपाई, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग शिलाँगच्या अमित पॉलसमोर उभा राहिला. दार्जिलिंगच्या डोंगरात वर्गणी काढून मते पाठवली गेली. प्रशांत जिंकला. पाठोपाठ एका रेडिओ निवेदकाने नेपाळी भाषकांची चौकीदार म्हणून टिंगल केली. सप्टेंबरअखेर सिलिगुडीत हिंसाचार उसळला, संचारबंदी लागली. मतमोहिमेत पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबरमध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला आणि गोरखालँडची मागणी पुन्हा पेटली. गाण्यासाठी जोडलेली माणसे राजकारणाला आयती मिळाली.

म्हणून ती मते खोटी ठरवावीत का? मला तसे वाटत नाही. ज्यांची ओळख चौकीदारीपाशीच थांबवली जाते, त्यांना आपला माणूस पडद्यावर जिंकताना पाहणे ही साधी गोष्ट नव्हती.

माझी गोष्ट निराळी. हिंदी चित्रपटसंगीतात मराठी गळ्यांची वाण कधीच नव्हती. अभिजीत जिंकला, आम्ही पेढे वाटले. आप्पांनी पेढा घेतला, प्रश्न मात्र परत विचारला नाही. त्याचे उत्तर आजही माझ्याकडे नाही.