मोळी कुणाची?

व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली फाटकाशी जिप्सींची रांग लागली आहे. वाघ नंतर बघाल. सरपणाची मोळी डोक्यावर घेतलेली ती बाई दिसते ना, तिच्या मागं चला आणि वर्षं मागं पडू द्या.

ऑक्टोबर १८४२. ऱ्हाईनकाठचं, प्रशियाच्या अंमलातलं कलोन. वर्तमानपत्राच्या कचेरीत चोवीस वर्षांचा संपादक कार्ल मार्क्स लिहितो आहे, खांद्यावरून वाचा. विषय आहे जंगलात गळून पडलेल्या काटक्या. प्रांतिक सभेला त्या वेचणंही चोरी ठरवायचं आहे. ओला बुंधा तोडणारा आणि वाळकी काडी उचलणारी म्हातारी, दोघांना एकच कलम. नुकसान किती झालं ते सांगणार मालकाचा रखवालदार, आणि दंड जाणार मालकाच्याच खिशात.

हा पोरगा तत्त्वज्ञ हेगेलच्या विचारांवर वाढलेला. राज्यसंस्था म्हणजे साकार झालेला विवेक, अशी हेगेलची शिकवण. मग हा विवेक जंगलमालकाची चाकरी का करतो? मार्क्स हेगेलचंच माप प्रशियाच्या राज्याला लावतो आणि राज्य तोकडं पडतं. समाजाला त्याच्याच दाव्यांवर तपासायची ही रीत पुढं फ्रँकफर्टच्या विचारवंत मंडळींनी चालवली. १९३७मध्ये त्यांच्यातला, नाझींमुळे देश सुटलेला होर्कहायमर तटस्थ म्हणवणाऱ्या ज्ञानाचीही अशीच झडती घेतो. त्याचं गद्य मात्र रुक्ष. तिथं फार रेंगाळू नका.

परतताना १८६४ला थांबा. हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक डीट्रिश ब्रँडिस बॉनचे, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचे चिरंजीव. गावांसाठीही वेगळं जंगल असावं, असं त्यांचं म्हणणं. सरकारनं ते फारसं मनावर घेतलं नाही. १८७८च्या कायद्यानं राखीव जंगलाची पकड घट्ट केली आणि पिढीजात वहिवाट साहेबाच्या मर्जीवर आली. कलोनमधला तो खटला इथं साग-बांबूच्या रानात पुन्हा उभा राहिला.

आता गडचिरोलीकडं वळा. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव. इथं अभ्यासगट बसतात, ग्रामसभा सर्वांची सहमती होईपर्यंत बोलत राहते. संवादातल्या विवेकावर त्याच फ्रँकफर्ट परंपरेतल्या हाबरमासनं जाडजूड ग्रंथ लिहिले. माझ्या मते त्या ग्रंथांची खरी परीक्षा अशाच सभेत होते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडं आलं.