विद्वानांचे आसन

चीनमध्ये मिंग राजवटीच्या उत्तरकाळी सूचौ नगरीच्या सुतारांनी पंडित, चित्रकार आणि निवृत्त अधिकारी यांच्यासाठी घडविलेल्या मेजांची आणि खुर्च्यांची कीर्ती आज जगभरच्या संग्रहालयांत पसरली आहे. १५६७ साली सागरी व्यापारावरील बंदी शिथिल झाल्यानंतर दक्षिणेकडून येऊ लागलेले कठीण लाकूड, एकाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवून, लोखंडी खिळ्याशिवाय सांधावयाचे आणि लाकडाच्या अंगच्या रेषांनाच अलंकार मानावयाचे, हा त्यांचा शिरस्ता. त्यांतील ‘झितान’ नामक सर्वाधिक मानाचे काष्ठ म्हणजे बहुधा आपल्या पूर्वघाटातले रक्तचंदन, असे मानले जाते. आणि त्या रक्तचंदनाचा सगोत्र असा बिजा हा वृक्ष गोंदिया जिल्ह्याच्या अरण्यांत सागवान आणि साज यांच्या सोबतीने वाढत आला आहे.

लाकूड होते, तरी तसे मेज येथे घडले नाही, आणि याला विद्येचा अभाव कारण म्हणावा तर तेही खरे नाही. आमगावानजीकचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर, असे प्रतिपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. ते स्वीकारले तर आठव्या शतकातील एक श्रेष्ठ संस्कृत नाटककार याच भूमीचा ठरतो. कारण शोधावयाचे ते बसण्याच्या रीतीत. चीनमध्ये सुंग काळापर्यंत खुर्ची रूढ होऊन माणूस चटईवरून उठला होता, आणि त्याच्यामागोमाग मेजाची उंचीही वाढली. आपल्याकडे पोथी लिहिणारा पंडित, जमाबंदीचा कारकून आणि मालगुजाराचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा, दिवाणजी हे सारे मांडी घालूनच बसले, गुडघ्यावर किंवा गादीपुढच्या बुटक्या, उतरत्या डेस्कावर कागद ठेवून लिहीत राहिले, आणि दप्तर रुमालात बांधून बाजूला सारले की त्यांची कचेरी आटोपत असे.

येथल्या सुताराच्या कसबाला मागणी होती ती वाड्याचे खांब, तुळया, दारांच्या चौकटी, बैलगाडी आणि नांगर यांसाठी. खुर्ची येथे रुळली ती इंग्रजी अंमलाबरोबर, हाकिमाचे आसन म्हणून; सूचौप्रमाणे विद्वानाच्या एकांताची सोय म्हणून नव्हे. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, तरी खुर्चीचा तो रुबाब पुष्कळसा कायम राहिला. म्हणून ज्या प्रदेशात विद्वानांची मेजे सापडत नाहीत तेथे विद्याव्यासंग नव्हता, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी इतिहासकाराने तेथले विद्वान बसत कसे, हे आधी विचारले पाहिजे.